‘आम्ही फक्त तिथे होतो’ : भेदभाव बघणाऱ्यांची जबाबदारी कुठे सुरू होते?

माणदेशी (धागाकर्ता)

मंडळी, अत्याचार करणाऱ्यांबद्दल आपल्याकडे बोलून बोलून चोथा झालाय. मला आज बघणाऱ्यांबद्दल बोलायचंय.

खर्डा प्रकरण आठवत असेल. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, जामखेड तालुका. २८ एप्रिल २०१४ला सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून. फिर्यादीप्रमाणे मारहाण सुरू झाली ती शाळेच्या आवारात, भरदिवसा. नोव्हेंबर २०१७मध्ये निकाल लागला आणि आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते, त्यात शाळेतली माणसंही होती. म्हणजे बघा, ही माणसं नुसती घाबरून घरात दडून बसली नाहीत. तारखेला हजर राहिली, शपथ घेतली आणि मग म्हणाली, मला काही माहीत नाही.

आता दुसरं टोक. १९१७, बडोदा. बाबासाहेब परदेशातून शिकून आले, संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला, संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणून. ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू. तो म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. संध्याकाळ बागेत काढली आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

या दोन मित्रांनी कुणाला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. हळहळलेही असतील. मला हे दोघं त्या लाठीवाल्यांपेक्षा जास्त छळतात, कारण लाठीवाला मी कधी होणार नाही याची मला खात्री आहे, या दोघांबद्दल तशी खात्री कुणी द्यावी?

तर प्रश्न असा, की समोर भेदभाव होताना बघणाऱ्याकडून आपण नेमकं काय मागायचं? मध्ये पडणं? नंतर साक्ष देणं? की ‘मनात वाईट वाटलं’ एवढं पुरे?

रोखठोक

लेख चांगला, पण शहरात बसून लिहायला सोपा. गावात पाण्याची पाळी, विकास सोसायटीचं कर्ज, दूध डेअरी, पोरीचं लग्न, सगळं त्याच चार घरांच्या हातात असतं. सकाळी साक्ष द्या, संध्याकाळपासून तुमच्या दुधाला फॅट लागणार नाही, म्हणजे भाव पडणार. साक्षीदाराला भित्रा म्हणण्याआधी त्याचा सातबारा बघा. ज्याने मारलं त्याला धरा, उगाच बघ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

तांबडापांढरा

दुधाच्या फॅटचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे निवडणुकीनंतरही असंच होतं.

वैनगंगा

मी भंडाऱ्याची. रोखठोक भाऊ बरोबर बोलताहेत, त्यांना वाटतं त्याहून जास्त बरोबर.

खैरलांजी म्हटलं की लोकांना २९ सप्टेंबर २००६ची संध्याकाळ आठवते. त्याच्या आधीचं फार जणांना माहीत नसतं. सिद्धार्थ गजभिये म्हणून शेजारच्या गावचे पोलीस पाटील. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे आणि त्यांच्या मुलीने मारणाऱ्यांना ओळखलं आणि पोलिसांना तसं सांगितलं. ज्यांची नावं सांगितली ते जामिनावर सुटले, आणि सुटले त्याच दिवशी संध्याकाळी भोतमांग्यांच्या घरावर जमाव गेला. आई, मुलगी, दोन मुलं. चौघं.

ज्या बाईने ‘मी बघितलं’ म्हटलं, तिचं हे झालं. आणि तिच्या घरासमोर त्या संध्याकाळी जे होत होतं ते बघायला गाव होतंच की. २००८च्या निकालात आठ जण दोषी ठरले, पण ॲट्रॉसिटीची कलमं टिकली नाहीत. जात हे कारण सिद्ध झालं नाही म्हणे. गावात कुणालाच जात दिसली नव्हती.

म्हणून रोखठोक भाऊ, भीती खरी आहे. पण ‘भीती आहे म्हणून जबाबदारी नाही’ हे मला पटत नाही. भीती आहे म्हणून साक्षीदार एकटा पडता कामा नये, एवढंच त्यातून निघतं. सुरेखाबाईंसोबत आणखी दहा घरांनी तीच नावं सांगितली असती तर?

रोखठोक

वैनगंगाताई, ‘दहा घरांनी’ हेच तर होत नाही. पहिलं घर कोणाचं, हा प्रश्न आहे.

टेकडीवरचा

मानसशास्त्रात याला ‘बायस्टँडर इफेक्ट’ म्हणतात. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला, ३८ जण बघत होते आणि कुणी काही केलं नाही, अशी बातमी आली. त्यावरून लातने आणि डार्ली यांनी १९६८मध्ये प्रयोग केले. माणसं जितकी जास्त, तितकी प्रत्येकाची जबाबदारी पातळ.

मात्र ती ३८ची बातमी बरीच फुगवलेली होती, हे नंतर उघड झालं. आणि २०१९मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधल्या रस्त्यावरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण अभ्यासलं गेलं, तर दहातल्या नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलंच दिसलं. मग आपल्याकडे लोक गप्प का?

मला वाटतं तो सगळा सिद्धांत अनोळखी गर्दीचा आहे. ‘दुसरा कुणीतरी बघेल’ असं वाटायला दुसरा कोण ते माहीत नसावं लागतं. खर्ड्यात, खैरलांजीत सगळे सगळ्यांना ओळखत होते. तिथे जबाबदारी पातळ झाली नाही, तिचा हिशेब झाला. कुणाच्या विरोधात गेलं तर काय जाईल, कुणाच्या बाजूने गेलं तर काय मिळेल. दलित कुटुंबाच्या बाजूने उभं राहून मिळण्यासारखं काही नव्हतं.

कोकणातला_बाब्या

मोठी प्रकरणं सोडा हो. मुलुंडला २०२३मध्ये एका मराठी बाईला ‘महाराष्ट्रीयन चालत नाहीत’ म्हणून जागा नाकारली, तेव्हा व्हिडिओ फिरला, नेते धावले, अख्खं राज्य पेटलं. मीही पेटलो, का नाही पेटणार? पण आम्हा मासे खाणाऱ्यांना दारातून परत पाठवतात तेव्हा जसं झोंबतं तसंच मुसलमान नाव ऐकून एजंट फोन ठेवतो तेव्हा त्या माणसाला झोंबत असणार. त्याच्या वेळी आपण म्हणतो, मालकाची जागा, मालकाची मर्जी.

रोखठोक

धागा जातीचा होता, आता मुसलमान आले. चालू द्या.

व्यवस्थापक

विषयाला धरून लिहा. धर्मावरून वादावादीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

काळाकोट

वकिली करतो, म्हणून कायद्याचं थोडं. कंटाळा आला तर सोडून द्या.

आपल्याकडे ‘समोर अन्याय होत असेल तर मध्ये पडलंच पाहिजे’ असा सर्वसाधारण कायदा नाही. अपघातात मदत करणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात (कलम १३४-अ) संरक्षण दिलंय, पण ती सक्ती नव्हे. सरकारी नोकर असाल तर गोष्ट वेगळी. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ खाली कर्तव्यात जाणूनबुजून कसूर केली तर सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे.

आता गंमत पुढे आहे. याच १९८९च्या कायद्यात २०१५ला दुरुस्ती होऊन आलेलं कलम ३(१)(आर) आहे मुद्दाम केलेल्या अपमानाचं, आणि (एस) जातिवाचक शिवीगाळीचं. दोन्हीत एकच अट आहे, हे ‘लोकांच्या नजरेसमोर’ व्हायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २००८च्या स्वरन सिंग खटल्यात म्हटलं, की घराबाहेरच्या फाटकाशी झालेली शिवीगाळ या अटीत बसते. जागा सार्वजनिकच हवी असं नाही, पण तिथे बाहेरचं माणूस हवं, नुसते नातेवाईक-मित्र नकोत. २०२०च्या हितेश वर्मा खटल्यात त्याच आधारावर सांगितलं, की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान या कलमात येत नाही.

याचा अर्थ लक्षात घ्या. चोरीला साक्षीदार नसला तरी ती चोरीच राहते. इथे मात्र कायद्याने बघणाऱ्याला गुन्ह्याच्या व्याख्येतच बसवून ठेवलंय. ‘मी तिथे नव्हतो’ असं तुम्ही म्हणालात की नुसता पुरावा जात नाही, त्या कलमाखालचा गुन्हाच उरत नाही. आणि पीडिताचा भाऊ किंवा मित्र बोलून भागत नाही. ‘आपला काय संबंध’ म्हणणारा जो तिऱ्हाईत असतो, कायद्याला नेमका तोच हवा असतो.

माणदेशी

काळाकोट, हे माहीत नव्हतं. ‘आपला काय संबंध’ हीच त्याची पात्रता, हे डोक्यात घोळत राहणार आता.

तिसरा_मजला

आमच्या सोसायटीत घडलेलं सांगते. गाव आणि नावं सांगत नाही, उपनगर समजा.

एका सभासदाने फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवलं. नवरा-बायको, दोघं नोकरीवाले, टोकन देऊन झालं होतं. सेक्रेटरींनी भाडेकराराची प्रत मागवली आणि आडनाव बघितलं. रविवारच्या मीटिंगमध्ये, जिन्याखालच्या त्या ऑफिसात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही चौदा-पंधरा जण. सुरुवात ‘आपल्यातले नाहीत’ने झाली, मग ‘खाण्यापिण्याचं काय’, मग कुणीतरी उघडच जात उच्चारली, आणि ‘एकाला दिलं की रांग लागेल’ असं वाक्य आलं. चहा चालू होता. बरेच जण मोबाईलमध्ये बघत होते.

शेवटी सेक्रेटरी इतिवृत्त लिहिताना मोठ्याने म्हणाले, ‘पार्किंगच्या अडचणीमुळे भाडेकरूस परवानगी नाकारण्यात आली.’ तेव्हा वरच्या मजल्यावरच्या एक काकू, तालुका कचेरीतून निवृत्त झालेल्या, एरवी पाण्याच्या टाकीशिवाय कशावर बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, ‘पार्किंग कुठून आलं? त्यांच्याकडे तर गाडीच नाही. आत्ता जे बोललात ते लिहा ना. मी ऐकलंय, मी खाली सही करते.’

सेक्रेटरी म्हणाले, ‘काकू, असं कसं लिहिता येईल?’

‘बोलता आलं ना?’

पेन तसंच राहिलं हो हातात. विषय ‘पुढील सभेपर्यंत तहकूब’ असा लिहिला गेला. सिनेमासारखा शेवट झाला नाही. त्या जोडप्याने तोवर दुसरीकडे जागा घेतली होती, आणि त्या वर्षी गणपतीत काकूंच्या हातची खिरापत चार-पाच घरांनी घेतली नाही. पण आता मीटिंगमध्ये कुणी आडनावावर बोलायला लागलं की सेक्रेटरीच म्हणतात, ‘जपून, लिहायला लावतील.’

कोकणातला_बाब्या

काकूंना साष्टांग दंडवत.

काळाकोट

काकूंनी केलं ते कायद्याच्या नजरेतून फार मोठं होतं, बहुतेक त्यांनाही ठाऊक नसेल.

एक तर फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही. आदर्श उपविधींप्रमाणे आधी कळवायचं असतं, बस्स. घटनेच्या कलम १५(२)मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, रस्ते आहेत, भाड्याचं घर नाही, म्हणून लोकांना वाटतं इथे काही होत नाही. पण १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून वस्तीत राहण्याला आडकाठी करणं येतं. आणि त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं, असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत झालं असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं न्यायालयाने गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत.

‘उलट सिद्ध’ करायला काय लागतं? एक कागद. ‘पार्किंगच्या अडचणीमुळे.’ खाली पंधरा सह्या. त्या पंधरा जणांना वाटतं आपण फक्त हजेरीची सही केली.

सावित्रीकाठ

महाडचा आहे, म्हणून राहवत नाही.

बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ला झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसकट सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागद तयार. तरी १९२७पर्यंत ओंजळभर पाणी अस्पृश्यांना घेता आलं नाही. ठराव वाचलेले, ऐकलेले, मनातून पटलेले लोक गावात होते की. तीन वर्षं बघत होते.

२० मार्च १९२७ला महाडच्या परिषदेला आलेले अस्पृश्य लोक बाबासाहेबांसोबत तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि मंडपात जेवत असलेल्या, परतीला निघालेल्या माणसांवर हल्ले झाले. तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. पुढे गावाने १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. सकाळचे बघे हे असे कामाला लागले.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तर महाडात मंडप घालायला कुणी जागा देईना. जागा दिली फत्तेखान नावाच्या स्थानिक गृहस्थांनी. बाबासाहेबांना साथ देणारे सवर्ण म्हणून सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, बापूसाहेब सहस्रबुद्धे ही नावं आपण घेतो आणि घ्यायलाच हवीत, त्यांनी आपल्या जातीचा रोष पत्करला. पण फत्तेखानांचं नाव शाळेच्या पुस्तकात मला तरी भेटलं नव्हतं. त्यांनी भाषण केल्याचं कुठे वाचलं नाही. जमिनीचा तुकडा दिला. तिसरा मजला यांच्या काकूंची मला तीच जात वाटते, म्हणजे हा शब्द इथे चालत असेल तर.

तांबडापांढरा

मग आमच्या कोल्हापूरचंही घ्या. गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं, महाराच्या हातचा चहा कोण पिणार? शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा प्यायचे, सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजायचे.

रोखठोक

ते छत्रपती होते. त्यांच्या दुधाला फॅट कोण कमी लावणार?

तांबडापांढरा

हा हा, मान्य. पण सोबतच्यांचे चेहरे बघायला मजा आली असती.

खाडीपलीकडची

कॅलिफोर्नियातून लिहितेय. इथे ‘तुमचं मूळ गाव कुठलं, आडनाव काय’ पॉटलकमध्येच (प्रत्येकाने घरून पदार्थ आणायचं जेवण) विचारतात, पुरणपोळीचं ताट हातात असताना. सिएटलने फेब्रुवारी २०२३मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली. इथे तसंच विधेयक सभागृहांतून पास झालं, ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी नाकारलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर शंभर मेसेज, ‘इथे जात कुठे आहे?’ ज्या एका मित्राला विचारायला हवं होतं तो ग्रुपमध्ये असून एक अक्षर बोलला नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

रात्रपाळी

बराच वेळ वाचतोय, लिहू की नको करत होतो. मी ज्याच्यासमोर ‘बघे’ असतात तो. वैद्यकीय पदव्युत्तर शिकतोय, कॉलेज विचारू नका.

आमच्याकडे शिवी कुणी देत नाही. ‘तुझी रँक किती होती रे?’ एवढंच. राउंडला पेशंटसमोर काही चुकलं की सीनियर म्हणतात, ‘असू दे, त्याला वेगळ्या दाराने यावं लागलं.’ सगळे हसतात. जे हसत नाहीत ते केसपेपर वाचायला लागतात. मग रात्री त्यातला एखादा खोलीवर येतो आणि म्हणतो, ‘यार, वाईट वाटलं मला.’

खरं सांगतो, हे रात्रीचं येणं मला सगळ्यात जड जातं. त्याला वाईट वाटलं म्हणून मीच त्याची समजूत घालत बसतो. दुसऱ्या दिवशी राउंड तसाच.

मला माझ्या बाजूने भांडणारा नकोय. एकदा एकाने भांडण काढलं, तो हिरो झाला आणि महिनाभर ड्युट्या मला लागल्या. मला विचारल्याशिवाय व्हिडिओ टाकणाराही नको. मग काय हवं? रात्री येण्याऐवजी फोनमध्ये तारीख, वेळ, वाक्य लिहून ठेव आणि मला पाठव. मी तक्रार करीन का, कधी करीन, ते माझं मी बघीन. पण समितीने ‘असं कोणासमोर बोलले?’ विचारलं तर माझ्याकडे तुझं नाव असू दे. आणि हसू नकोस. राउंडला कुणीच हसलं नाही तर तो विनोद दुसऱ्यांदा करणं अवघड जातं, मी एकदा बघितलंय.

वैनगंगा

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माणदेशींच्या प्रश्नाचं इथवरचं सर्वात कामाचं उत्तर.

माणदेशी

सहमत. मी ‘मध्ये पडणं की साक्ष देणं’ असं विचारलं होतं, तुम्ही त्याआधीची पायरी दाखवलीत, ज्याच्यावर बेतलंय त्याला विचारणं. बडोद्याच्या त्या ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारायचं ठरवलं होतं. समोरच्याला ‘आज रात्रीचं काय?’ एवढंही विचारलं नाही.

रोखठोक

रात्रपाळी, तुमचं पटलं. लिहून ठेवणं मलाही जमेल. पण साक्षीवर माझा प्रश्न अजून तिथेच आहे. समजा गावातल्या मजुराने ठरवलं बोलायचं. तालुक्याहून जिल्ह्याला जायचं, पाच तारखा पडायच्या, रोज बुडणार. वर गावाचा रोष. काळाकोट, यावर कायद्याकडे काही आहे का नुसता उपदेश?

काळाकोट

आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने कलम १५-अ आलं, पीडितासोबत साक्षीदाराचेही हक्क त्यात आहेत : धमकी आणि दबावापासून संरक्षण, तपास आणि खटल्यादरम्यान प्रवास आणि निर्वाहाचा खर्च. त्याच कायद्याच्या १९९५च्या नियमांतला नियम ११ त्याचा तपशील देतो. येण्याजाण्याचं भाडं, आणि गैरहजेरीच्या दिवसांचा निर्वाहभत्ता, तो शेतमजुरांच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. गावाने वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा ३ जुलै २०१७पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मिळतं का? मागितलं तर, आणि पाठपुरावा केला तर. बहुतेक साक्षीदारांना कुणी सांगतच नाही. जबाब झाला की त्याच दिवशी सरकारी वकिलांकडून हजेरीचा दाखला लिहून घ्या आणि भत्त्याचा अर्ज द्या, पोच घेऊन. एसटीचं तिकीट फेकू नका. धमकी आली तर तोंडी सांगत बसू नका, विशेष न्यायालयात लेखी अर्ज द्या, तोही पोच घेऊन. कुणाला अर्जाचा नमुना हवा असेल तर मला निरोप टाका, मराठीत तयार आहे.

रोखठोक

टाकतो निरोप. नमुना पाठवा.